बुरान आणि आमचे माणूस

अंबत्तूर, चेन्नई
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

ज्यांच्या पायांशी चार श्वान निःशंक बसतात, त्या दत्तगुरूंची कृपा ह्या लेखणीवर असो. माझ्या मनात जे कडू आहे ते त्यांनी शाईत उतरू देऊ नये. आणि उतरलेच, तर ऐकणारीच्या कानी पडण्याआधी त्यातला दाह तरी काढून घ्यावा.

सौ. कुमुदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र वाचून दाखवणारी आपली नात चि. ऊर्मी, तिलाही आशीर्वाद. ऊर्मी, आजीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा आहे, म्हणून तुझ्या शनिवारच्या सुट्टीवर मी हा भार टाकतो आहे. जोडाक्षरे सावकाश वाच. अडलीस तर तमिळमध्ये अर्थ सांगू नकोस, ओळ पुन्हा वाच.

माझी प्रकृती ठीक आहे. खानावळीतून डबा येतो. सांबार रोज असते आणि रोज तेच असते. तुळस हिरवी आहे. विशेष काही नाही, असे लिहून पाकीट बंद करता आले असते. परंतु विशेष आहे.

रत्नप्रभाबाईंच्या खुब्याचे हाड मोडले. तुमची तंजावरच्या शाळेपासूनची मैत्री. त्यांचा मुलगा विजयेंद्र वर्षातले आठ महिने परदेशी. म्हणून पंधरा दिवस सोबतीला जाते असे सांगून तू मार्गशीर्षात चेन्नईजवळच्याच कोवलमला त्यांच्या बंगल्यावर गेलीस. मी हरकत घेतली नाही. पंधराचे पस्तीस झाले तेव्हा तुला न्यायला आलो. तीन बसगाड्या बदलून आलो. तू व्हरांड्यात बसून विजयेंद्रच्या त्या रशियन कुत्र्याला, बुरानला, दहीभात भरवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अहो, बसा जरा. त्याचं जेवण होऊ दे."

वाक्यात वावगे काहीच नव्हते. क्रमात होते. अठ्ठेचाळीस वर्षे माझे पान आधी मांडले जात होते.

पुढे जे झाले ते सर्वांनी पाहिले. रत्नप्रभाबाईंनी हाती दिलेले पाणी मी जमिनीवर सोडले आणि म्हणालो की हे जनावर तुझ्याजवळ आहे तोवर तू राहशील त्या घरचे पाणी मी पिणार नाही. शब्द गेला. तो आता माझ्या आणि तुझ्या मध्ये उभा आहे, आणि मी शब्दाचा माणूस आहे हे तुला ठाऊक आहे.

परंतु रिकामा बसलेलो नाही. ज्याने आपली जागा घेतली त्याचे कूळ तरी पाहावे, म्हणून ऊर्मीने पोंगलला दिलेल्या त्या टॅबवर मी जुनी रशियन मासिके वाचतो आहे. आवडी गावच्या रणगाडा-कारखान्यात भाषांतर विभागात एकतीस वर्षे काढली. संस्कृतच्या आठ विभक्ती ज्याच्या जिभेवर आहेत त्याला रशियनच्या सहा जड नाहीत. तिथे तोफेचे आणि गिअरपेटीचे वाचन झाले. कुत्र्याचे ह्या वयात नशिबी आले.

ह्या जातीला तिकडे बोर्झोय म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ 'चपळ'. अशी आख्यायिका आहे की एका रशियन सरदाराने दक्षिणेच्या उष्ण मुलखातून पातळ कातडीचे, वाऱ्यासारखे धावणारे शिकारी कुत्रे मागवले. पहिल्याच हिवाळ्यात ते सगळे गारठून मेले. सरदार हट्टी होता. त्याने पुन्हा मागवले, आणि ह्या वेळी तिथल्या दाट केसांच्या कुत्र्यांशी त्यांचा संकर केला. त्या संकरातून ही लांब मुखाची, रेशमी केसांची, राजांच्या पंक्तीत बसणारी जात निघाली. आख्यायिकेत खरे किती हे मला सांगता येत नाही. परंतु त्या पहिल्या कुत्र्यांना थंडीत नेणारा जितका निर्दय, तितकाच बर्फातल्या ह्या जीवाला कोवलमच्या खाऱ्या उन्हात आणून गारव्याच्या खोलीत कोंडणारा विजयेंद्र निर्दय आहे, आणि त्या खोलीत त्याच्यासोबत बसणारी तू त्याच्या तुरुंगाची राखण करतेस. हे मी रागाने लिहीत नाही, करुणेने लिहितो.

ऊर्मी, पुढचा परिच्छेद वाचू नकोस.

कळले ते असे की तू त्याच्यासाठी उकडलेली अंडी सोलतेस. माझ्या अशक्तपणात डॉक्टरांनी अंडे सुचवले होते, तेव्हा तू म्हणालीस की ह्या घरात ते शिजणार नाही. आणि माझ्या प्रवचनांच्या रौप्यमहोत्सवात मला पांघरलेली शाल तू बरोबर नेलीस, ती आता त्याच्या डोक्याखाली असते. शाल धुता येते. एवढेच.

राघोत्तमाचे आशीर्वाद.

अंबत्तूर
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५, गुरुप्रतिपदा

आजच्या तिथीला निर्गुण पादुकांना जे गंध लागते त्याचा गारवा तुझ्या माथी असो.

सौ. कुमुदिनीस आशीर्वाद. तुझा निरोप ऊर्मीने फोनवर सांगितला: रक्तदाबाच्या गोळ्या देवघराखालच्या खणात आहेत, वेळेवर जेवा, बुरान बरा आहे. तीन वाक्ये, आणि त्यांतले एक त्याचे. मी त्याची चौकशी केलेली नव्हती.

आणि ऊर्मी, तुला वाचू नकोस म्हटलेला परिच्छेद तू वाचलास, तोही दोनदा, हे मला समजले. आजी हसली असेही समजले. कशाला हसली ते मात्र तू सांगत नाहीस.

शेजारचे कृष्णस्वामी रोज संध्याकाळी जिन्यात गाठतात. काल म्हणाले, "सार, माझी बायको गेली असती तर मी पोलिसांत तक्रार दिली असती. तुम्ही कुठं देणार, जनावरांच्या दवाखान्यात?" मी त्यांच्याशी गुरुवारपर्यंत बोललो नाही. आज गुरुवार, म्हणून बोललो.

वाचन पुढे गेले आहे. शिकारीची रीत अशी होती. एका पट्ट्यात तीन कुत्रे, दोन नर आणि एक मादी, शक्य तर एकाच रंगाचे. घोडेस्वार तो पट्टा धरून रानाच्या कडेला उभा. आत दुसरे हाकारी कुत्रे भुंकून लांडगा उठवतात. हे तिघे मात्र गप्प. लांडगा उघड्यावर आला की पट्टा सुटतो. दोन्ही बाजूंनी गाठून ते त्याला मानेपाशी धरतात आणि जमिनीवर दाबून ठेवतात. मारत नाहीत. धनी घोड्यावरून उतरून येईपर्यंत तसेच धरून राहतात. पुष्कळदा लांडग्याला जिवंत बांधून नेत. शेकडो कुत्रे, शेकडो चाकर, उमरावांसाठी खास आगगाड्या. आणि त्या सगळ्या गोंगाटात हे तीन जीव मुके.

हे वाचून मी टॅब मिटवला. तू ऊर्मीपाशी म्हणाली होतीस ना, की ह्या कुत्र्याचा आवाज दोन महिन्यांत एकदाच ऐकलास? तेव्हा मला वाटले होते की तू त्याचे गुणवर्णन करते आहेस. आता वाटते, तू माझ्या अखंड बोलण्याचे करत होतीस.

तुम्ही दोघे पहाटे समुद्रावर जाता म्हणे. होड्या परत येण्याच्या वेळी. मासळी निवडणाऱ्या बायका त्याला 'कुदिरै', घोडा, म्हणून हाका मारतात आणि तुला 'पाटी', आजी, म्हणून विचारतात की ह्याच्यावर बसून का येत नाही. तू वाळूत वाकून हसतेस. मी आठवून पाहिले. पंचेचाळीस वर्षे आपण ह्या शहरात आहोत. मी तुला समुद्रावर तीनदा नेले: माझ्या आईच्या अस्थी, वडिलांच्या अस्थी, आणि एका ग्रहणाचे स्नान. एकदाही आपण पाण्याकडे नुसते पाहत बसलो नाही. हे मी अपराध म्हणून लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो. परंतु तुझ्या शेजारी समुद्र पाहण्याचा मान पहिल्यांदा ज्याला मिळाला त्याला चार पाय आहेत, ही गोष्ट मला अन्न गोड लागू देत नाही.

दुसरे एक कळवतो. जुन्या काळी हे कुत्रे विकत मिळत नसत, असे तिकडचे लेखक सांगतात. राजाने किंवा उमरावाने प्रसन्न होऊन द्यायचे, घेणाऱ्याने ते दान म्हणून स्वीकारायचे. आपल्याकडे विद्येचे जसे. मला ही रीत फार उदात्त वाटली. विजयेंद्र परदेशातून आला आहे असे ऐकतो, म्हणून ह्या जातीच्या इतिहासाविषयी मी त्यालाही एक सविस्तर पत्र लिहिले आहे. मराठीतच लिहिले, आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलावे. त्याला आवडेल. त्यात आणखी विशेष काही नाही.

राघोत्तमाचे आशीर्वाद.

अंबत्तूर
गुरुवार, ६ मार्च २०२५

श्रीगुरूंच्या इच्छेवाचून पान हालत नाही. जे घडते त्यात त्यांचा हात पाहण्याची बुद्धी तुला लाभो.

सौ. कुमुदिनीस आशीर्वाद. ऊर्मीकडून समजले की विजयेंद्राने बुरानला कोटगिरीच्या एका स्नेह्याकडे, चहाच्या मळ्यावर, कायमचे देण्याचे ठरवले आहे. पैशाने विकत नाही, दान म्हणून देतो आहे. गाडीही ठरली, महिनाअखेरीस. कुठेतरी त्याच्या वाचनात ह्या जातीची जुनी रीत आली असावी. तरुण पिढीला परंपरेचा स्पर्श झाला की असे चांगले विचार सुचतात.

तुला वाईट वाटेल हे मी समजू शकतो. परंतु विचार कर. निलगिरीत धुके आहे, उतार आहेत, धावायला मोकळे रान आहे. कोवलमच्या उन्हाळ्यात त्याची जीभ लोंबकळलेली पाहण्यापेक्षा हे बरे. प्राण्यावर खरे प्रेम असेल तर माणूस त्याचे हित पाहतो, स्वतःचा लळा पाहत नाही. आसक्तीविषयी मी पंचवीस वर्षे जे सांगत आलो ते तू पहिल्या रांगेत बसून ऐकले आहेस.

इकडची व्यवस्था सांगतो. स्वयंपाकघरातल्या नळाची चकती बदलून घेतली, ठिबकणे थांबले. तुझ्या खाटेवरची गादी दोन दिवस गच्चीत उन्हात टाकली. हळदीकुंकवाची डबी घासली. तू ज्या दिवशी येशील त्या दिवशी डबा सांगणार नाही. भात मी लावीन. येण्याचा दिवस कळव. शुक्रवार टाळ, त्या दिवशी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर फार गर्दी असते.

तू मागे एकदा ऊर्मीबरोबर विचारले होतेस की रोज एवढे वाचता तर त्या कुत्र्यांचे पुढे काय झाले. ते पुढच्या पत्री. तोवर तू घरीच असशील, तेव्हा समोर बसून सांगेन.

राघोत्तमाचे आशीर्वाद.

अंबत्तूर
गुरुवार, २७ मार्च २०२५

हे गुरुमाउली, मागच्या तीन पत्रांच्या माथी तुझे नाव घालून मी खाली जे लिहिले, त्याची लाज तू माझ्याजवळच राहू दे. ह्या पत्रावर मात्र खरोखर कृपा कर.

कुमुदिनी,

ऊर्मी रविवारी आली होती. नेहमी येते तशी बडबडत आली नाही. चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाली, "आजोबा, आजीने एकच विचारायला सांगितलंय. त्या पत्रात तिचं नाव कुठं आहे?"

मी म्हणालो, कुठल्या पत्रात. तेव्हा तिने सगळे सांगितले. विजयेंद्र तंजावरच्या घरात मराठी बोलत वाढला, पण त्याला शाळेत तमिळ आणि इंग्रजीच शिकवली; आपली अक्षरे त्याला लागत नाहीत. मी गुप्तपणे लिहिलेले पत्र त्याने उलटसुलट करून पाहिले आणि आईच्या हाती दिले. रत्नप्रभाबाईंना पोथी वाचायची सवय. त्यांनी मोठ्याने वाचायला घेतले. तू त्याच खोलीत जमिनीवर बसून बुरानच्या केसांतून फणी फिरवत होतीस. म्हणजे मी तुला सहा मार्चचे पत्र लिहिले, 'कुठेतरी त्याच्या वाचनात आले असावे' असे लिहिले, तेव्हा तुला चौदा-पंधरा दिवस आधीपासून सगळे ठाऊक होते. आणि तरीही ऊर्मीने ते वाचले तेव्हा तू नळाची चकती कोणी बदलली एवढेच विचारलेस.

रत्नप्रभाबाईंचा फोनही आला होता, हे मी लपवले. त्या आपल्या तंजावरी बोलीत म्हणाल्या, "राघोत्तमराव, तुमी अस्की शास्त्रं पढलांत. ह्या मुक्या जीवानं तुमचं काय नेलं ते मज सांगा." आवाज नीट येत नाही असे सांगून मी फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

ऊर्मी गेल्यावर मी पत्राची नक्कल काढली. भाषांतर विभागाची सवय. प्रत्येक कागदाची नक्कल ठेवतो. तुझे नाव शोधले. चार पाने आहेत. त्यांत तीन रशियन सम्राटांची नावे आहेत, दोन प्रांतांची, एका नदीचे. तुझे नाही. शेवटच्या पानावर हे वाक्य आहे, जसेच्या तसे उतरवतो: 'सबब हे जनावर योग्य हाती दान द्यावे, आणि आमचे माणूस आमच्या घरी परत पाठवावे.'

एकतीस वर्षांत मी मूळ मजकुरातले एक वाक्य कधी गाळले नाही. रणगाड्याच्या पुस्तिकेत वाक्य गाळले तर माणूस मरतो, असे आमचे वरिष्ठ सांगत. त्या चार पानांत मात्र मी गाळले. जिथे मी दानाची ती उदात्त रीत वाचली, तिथेच, त्याच पानावर, दोन ओळी खाली लिहिले होते की हेच उमराव चांगल्या कुत्र्याच्या बदल्यात आपली कुळे देऊन टाकीत. जमिनीला बांधलेली माणसे. कधी घरेच्या घरे. कुत्रा इकडून तिकडे, माणसे तिकडून इकडे. त्यांना कोणी विचारत नसे. मी ते वाचले, आणि विजयेंद्रला लिहिताना वगळले, कारण ते वाक्य माझ्या कामाचे नव्हते. मग स्वतः तेच केले. कुत्रा तिकडे, माणूस इकडे.

मीमांसकांच्या एका प्रश्नावर मी दोनदा प्रवचन केले आहे, तू दोन्ही वेळा होतीस. एक यज्ञ असा आहे की त्यात यजमानाने आपले सर्वस्व द्यायचे. मग शंका निघते की सर्वस्वात आईबाप, बायको, मुले येतात का. उत्तर असे की येत नाहीत, कारण ज्यावर आपली मालकी आहे तेच देता येते, आणि ही माणसे आपली असली तरी आपल्या मालकीची नसतात. मी त्यावर पाऊण तास बोललो होतो. लोकांनी माना डोलावल्या होत्या. 'परत पाठवावे' हे लिहिताना मला त्यातले अक्षर आठवले नाही.

आता त्या कुत्र्यांचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण तू विचारले होतेस.

कुळे बंधनातून मुक्त झाली आणि कुत्रे सांभाळणारे फुकटचे हात गेले. बहुतेक उमरावांनी कुत्र्यांची घरे मोडली. काहींनी पुन्हा नेटाने उभारली. रशियात तूला नावाच्या प्रांतात पेर्चिनो हे गाव आहे, तिथे एकट्या एका राजपुरुषाकडे शंभरांवर होते. मग क्रांती झाली. लोकांना उमरावांचा जो राग होता तो त्यांच्या कुत्र्यांवरही निघाला. कुत्र्याला वर्ग कळत नाही, परंतु त्याच्याकडे पाहणाऱ्याला कळतो. कित्येक मारले गेले, कित्येक उपासाने गेले. काही धन्यांनी, दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून, स्वतःच मारले, असेही लिहिलेले आहे. त्या वाक्यापाशी मी फार वेळ थांबलो.

जात संपलीच असती. राहिली ती दोन वाटांनी. पूर्वी जे राजांनी इंग्लंडला, इतर देशांना, अमेरिकेला देऊन टाकले होते, त्यांची पिल्ले तिकडे वाढत होती. आणि खुद्द रशियात खेड्यापाड्यांतून जे साध्या माणसांच्या दारी गेले होते, ते उरले. पुढे एका सैनिकाने कोसाक ह्या घोडेस्वार लोकांच्या गावांतून हिंडून त्यांची छायाचित्रे काढली आणि सरकारला पटवले की हे कुत्रे जगवावेत. कुमुदिनी, जे धरून ठेवले ते मेले. जे हातचे सोडले ते जगले. आज कोवलमला तुझ्या मांडीवर जे डोके ठेवून पडते, त्याचा कोणी पूर्वज कधीतरी कोणी तरी मत्सर न करता देऊन टाकलेला असणार, नाही तर ते इथवर आलेच नसते.

मी आज विजयेंद्रला दुसरे पत्र लिहिले. इंग्रजीत लिहिले, म्हणजे त्याला स्वतः वाचता येईल. त्यात गाळलेला मजकूर भरला. लिहिले की माझी सूचना मत्सरातून आलेली होती, विद्वत्तेतून नव्हे. बुरानने कुठे राहावे हे त्याला भरवणाऱ्या बाईला विचारावे. त्या बाईचे नाव कुमुदिनी आहे. आणि कुमुदिनीने कुठे राहावे हेही तिलाच विचारावे. ह्यात माझी काही मागणी नाही.

पाण्याचे राहिले. दोन महिने मी त्या शब्दाला संकल्प समजत होतो. संकल्पाला देश, काळ, शांत चित्त आणि देवतेचे स्मरण लागते. माझ्याजवळ त्या दिवशी ह्यांतले काही नव्हते. ते सोडलेले पाणी नव्हते, सांडलेले होते. आज सकाळी एक उपवास धरून मी ते प्रकरण देवापुढे मिटवले. आता तुझ्या घरचे पाणी पिण्यापासून मला कोणी अडवत नाही. तू बोलावण्याचा प्रश्न तेवढा उरतो, आणि तो विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे.

ऊर्मी, हे सगळे वाच. काही गाळू नकोस.

राघोत्तम

अंबत्तूर
गुरुवार, १ मे २०२५

त्या समर्थ गुरूंची कृपा, की मला हे पत्र एका जिवंत उत्तराला उत्तर म्हणून लिहिता येते.

सौ. कुमुदिनीस आशीर्वाद.

पाच आठवडे तू काही कळवले नाहीस. ऊर्मीकडून तुकडे येत राहिले. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया चांगली झाली. विजयेंद्राने तुला समोर बसवून विचारले, आणि तू म्हणालीस की उन्हाळा बुरानला इथे सोसणार नाही, हे त्या म्हाताऱ्याने खरेच लिहिले होते. तेव्हा वर कोटगिरीला जाऊ दे, पण मी घेऊन जाते. मग त्याने तुझ्या नावाने रीतसर कागद करून कुत्रा तुला दिला, आणि मळ्यावरचे एक रिकामे घर पाहून दिले. रत्नप्रभाबाई काठी टेकत तुझ्याबरोबर निघाल्या. माझी अपेक्षा होती की तू जाण्याआधी अंबत्तूरला एक रात्र तरी येशील. आली नाहीस. गादी मी परत गच्चीतून आत आणून ठेवली.

खरे सांगायचे तर ते दिवस माझ्या सगळ्या वाचनाला भारी पडले. मी दिलदार पत्र लिहून मोकळा झालो होतो आणि मनात कुठेतरी फळाची वाट पाहत होतो. फळ आले नाही, तेव्हा मत्सर पूर्वीपेक्षा ताठ होऊन बसला. मी कुत्र्याचा हेवा करत होतो, आता मळ्याचा, धुक्याचा, रत्नप्रभाबाईंच्या काठीचासुद्धा करू लागलो. कृष्णस्वामींनीही थट्टा सोडून दिली, त्यावरून माझा चेहरा कसा असेल ते समज.

आणि सोमवारी तुझे पोस्टकार्ड आले. तुझ्या स्वतःच्या हातचे. अक्षर थोडे मोठे झाले आहे, ओळी चढावर जातात. पाच वाक्ये. इथे उतरवतो, कारण मला ती लिहून पाहायची आहेत:

"इकडे थंडी आहे, येणार असाल तर स्वेटर आणा. पहाटे आम्ही दोघं दीड तास फिरतो. त्या वेळी कोणी काही समजावून सांगत नाही. तेवढं जमणार असेल तर या. पोचायच्या आदल्या दिवशी कळवा, बुरान अनोळखी माणसाला घाबरतो."

मी ते अकरा वेळा वाचले. पहिल्या वाचनात आनंद झाला. दुसऱ्यात 'आम्ही दोघं' दिसले. तिसऱ्यात 'अनोळखी' दिसले. त्या दोन शब्दांशी मी दिवसभर भांडलो. संध्याकाळी कृष्णस्वामींना कार्ड दाखवले. त्यांना अक्षर लागत नाही, म्हणून तमिळमध्ये अर्थ सांगितला. ते म्हणाले, "सार, दीड तास गप्प? तुम्ही? त्यापेक्षा कुत्रा व्हा, सोपं पडेल." मग स्वतःच कपाट उघडून त्यांचा जुना लोकरी कानटोप माझ्या हाती दिला.

येतो. बुधवारी संध्याकाळी मेट्टुपाळैयमची गाडी, गुरुवारी सकाळी पुढे बसने. तू सांगितल्याप्रमाणे आधी कळवतो आहे. गेले तीन दिवस पहाटे मी तळ्याच्या कडेने न बोलता फिरून पाहतो आहे. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत एका दूधवाल्याला आत्मस्वरूप सांगू लागलो. काल पन्नास मिनिटे गेली. दीड तासाचा अंदाज अजून येत नाही, पण तोंड मिटून चालताना आजूबाजूचे आवाज ऐकू येतात, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले.

मत्सर गेला असे मी खोटे लिहिणार नाही. तू वाटेवर थांबून आधी त्याच्याकडे पाहशील, मग माझ्याकडे, तेव्हा माझ्या छातीत काय होईल ते मला आजच माहीत आहे. मत्सर माझ्याबरोबर निघणारच. मी तिकीट मात्र एकाचेच काढले आहे. त्याने उभ्याने यावे.

हे पत्र आता ऊर्मीला वाचावे लागणार नाही, तरी ती मागेल, तिला दे. रत्नप्रभाबाईंना वाचून दाखव. ज्या कोणाच्या हाती हे पाकीट वाटेत पडेल त्याने उघडले तरी माझी तक्रार नाही. ज्याने हे वाचले त्याच्या घरातले माणूस त्याला त्याच्या नावाने दिसो. ज्याचे कोणी रुसून दूर गेले आहे, त्याला पोस्टकार्डाएवढी तरी जागा मिळो. मुक्या जीवांना सावली मिळो, बोलक्यांना थोडे मौन मिळो, आणि वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या सर्वांवर श्रीगुरूंची दृष्टी निरंतर राहो.

तुझा
राघोत्तम